फिके आणि पट्टेरी: झेब्राफिश प्रकल्पाच्या नोंदी

२१ जून २०२४
विषय ठरला. झेब्राफिशमधल्या फिक्या, म्हणजे 'गोल्डन' रंगाची आनुवंशिकता तपासायची आणि भ्रूणात रंग कधी उमटू लागतो ते पाहायचं. मॅडमनी दोनदा विचारलं, "जमेल ना? मासा मोठा व्हायला तीन महिने लागतात. मध्येच पिढी गेली तर वर्ष गेलं." जमेल म्हणाले. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचा अर्ज आजच भरला.

घरी आल्यावर आईला सांगितलं, तर तिला वाटलं हा परदेशातला मासा असणार. खरं तर हा आपल्याच उपखंडातला. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, भाताच्या शेतांत, संथ ओढ्यांत राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या ग्रंथात त्याची नोंद केली. 'डॅनिओ' हे नाव बंगालीतल्या 'धानी'वरून आलं, धानाच्या शेतातला तो धानी. इथून गेलेला हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला आणि आता वाशीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येणार, याचा मला फार आनंद वाटतो.

२ जुलै
ठाण्यातल्या दुकानातून मासे आणले. पट्टेरी १२, फिके १०. दुकानदार फिक्यांना 'गोल्डन झेब्रा' म्हणतो. ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये पिशवी मांडीवर धरून वाशीपर्यंत आले. ऐरोलीला एका लहान मुलीने विचारलं, "ताई, हे आजारी आहेत का? यांचे पट्टे पुसलेत." पट्टे पुसलेले नाहीत, ते फिके आहेत, हे तिला पिशवी उजेडाकडे धरून दाखवलं. तिने नीट पाहिलं आणि मान डोलावली.

वहीत आजच लिहून ठेवते: दुकानातला 'गोल्डन' म्हणजे शोधनिबंधांतला 'गोल्डन' असेलच असं नाही. मासा फिका पडायला एकच कारण नसतं. हे शेवटपर्यंत विसरायचं नाही.

९ जुलै
नळाचं पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन घालवलं. दिव्याला टायमर लावला, १४ तास उजेड, १० तास अंधार. उजेड सकाळी ९ ला लागतो. हे मासे पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी देतात, म्हणून 'पहाट' आमच्या कॉलेजच्या वेळेवर आणून ठेवली.

२३ जुलै
अंडी मिळाली नाहीत. खरं म्हणजे दिली होती, पण माशांनी खाल्ली. तळाशी तीनच सापडली. लॅबमधल्या काकांनी उपाय सुचवला: टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर. अंडी फटींतून खाली जातात आणि माशांची तोंडं तिथवर पोचत नाहीत. संध्याकाळी काकांनीच सेक्टर ९ मधून गोट्यांची पिशवी आणून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हते.

२ ऑगस्ट
आजचा दिवस मी विसरणार नाही.

काल संध्याकाळी एक मादी आणि दोन नर एका टाकीत सोडले, मध्ये जाळीचा पडदा. मादी ओळखू येते, पोट भरलेलं, रंग चंदेरी. नर सडपातळ, पोटाकडे पिवळसर. आज ९ ला दिवा लागला आणि पडदा काढला. पाचच मिनिटांत पाठलाग सुरू. नळीने तळ उपसला आणि चहाच्या गाळणीत अंडी धरली. ८४. गाळणी घरची आहे, आता ती इथेच राहील.

एक अंडं ०.७ मिलिमीटरचं, काचेसारखं स्वच्छ. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि दिवसभर उठलेच नाही. आईच्या पोटात, कवचाआड, अंधारात जे घडतं ते इथे उघड्यावर घडतं. या कामासाठी हाच मासा का, याचं उत्तर त्या काचेतच आहे.

९.०५ फलन धरलं. बलकाच्या गोळ्यावर एका टोकाला पेशीची टोपी फुगून आली. ९.५० ला तिच्या मधोमध एक खाच. दोन पेशी. मग दर पंधरा मिनिटांनी एक विभाजन: चार, आठ, सोळा. ११.०५ ला चौसष्ट. घड्याळाकडे न पाहता अंड्याकडे पाहून वेळ सांगता यावी इतकं ते नेमकं. पेशी वाढत नाहीत, नुसत्या वाटल्या जातात. भाकरीचे तुकडे करावेत तशा लहान लहान होत जातात. आणि या सगळ्या वेळात भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. आईने अंड्यात भरून दिलेल्या आरएनएच्या आणि प्रथिनांच्या शिदोरीवर काम चालतं. साधारण पावणेतीन तासांनी, ५१२ पेशींच्या सुमारास, भ्रूण स्वतःची जनुकं वाचू लागतो. बाहेरून पाहताना त्या क्षणी काहीच वेगळं दिसत नाही. तरी पावणेबाराला मी श्वास रोखून बघत होते.

दुपारी दीडच्या पुढे पेशींचा थर बलकावरून खाली सरकू लागला. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर कुंची चढवावी तसा तो बलकावर चढत गेला. तीनच्या सुमारास एका बाजूला किंचित जाड कड दिसली, तिला 'शील्ड' म्हणतात. पाठ कुठली आणि पोट कुठलं हे आता ठरलेलं आहे. न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरातली अशी जागा हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये दाखवली होती. ती दुसऱ्या भ्रूणात रोवली तर तिथे दुसरं शरीर उभं राहतं. बरोबर शंभर वर्षांनी मी तीच जागा माशात पाहतेय.

सातला कुंची पूर्ण बसली, बलक झाकला गेला. निघावंच लागलं.

३ ऑगस्ट
सकाळी ९. शेपटी सुटी झाली आहे. पाठीच्या दोन्ही बाजूंना बाणाच्या टोकासारखे खंड, म्हणजे सोमाइट. यांच्यातूनच स्नायू आणि मणके घडतात. रात्रभरात साधारण अर्ध्या तासाला एक जोडी या गतीने ते पडत गेले. मी मोजले तर २८ जोड्या. आणि हृदय! अजून नुसती एक नळी, पण हलते. प्रकल्पातल्या जोडीदाराला हाक मारली, काकांनाही बोलावलं. काका सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. म्हणाले, "कालपर्यंत थेंब होता."

सगळ्या वेळा झेब्राफिशच्या भ्रूणवाढीच्या, किमेल आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या तक्त्याशी मिनिटामिनिटाला जुळल्या. आमच्या नोंदी चांगल्या आहेत.

(२८ जानेवारीला जोडलेली ओळ: नोंदी चांगल्या होत्याच, पण तक्ता २८.५ अंश तापमानावरच्या वाढीचा आहे आणि ऑगस्टात आमची खोली आपोआप तेवढीच गरम होती. ते श्रेय पावसाळ्याचं.)

२० ऑगस्ट
मुख्य संकर. फिकी मादी, पट्टेरी नर. अंडी १३७.

२२ ऑगस्ट
४८ तास. जिवंत ११९. सगळ्यांचे डोळे काळे, पाठीवर काळे ठिपके. एकही फिका नाही. फिकेपणा अप्रभावी आहे, म्हणजे पट्टेरी रूपाचं जनुक सोबत असलं की तो दिसत नाही, निदान या जोडीत.

६ सप्टेंबर
उद्या गणपती. प्रश्न पिल्लांचा. सतराव्या दिवसाची पिल्लं म्हणजे डोळ्यात तेल घालून जपण्याचं वय. पाचव्या दिवशी ती पोहू लागली तेव्हापासून पॅरामेशियम, आता आर्टिमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवांची ताजी पिल्लं, दिवसातून तीनदा. एक दिवस उपास घडला तर दुसऱ्या दिवशी तळाशी मेलेली दिसतात. आधीच ११९ वरून ७१ वर आलो. जोडीदाराचं गाव चिपळूणजवळ, तिच्याकडे पाच दिवसांचा गणपती, तिला अडवणं बरोबर नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा. काका म्हणाले, "उद्या मी येतो, मी वाशीतच असतो. पाणी किती द्यायचं तेवढं लिहून ठेव." भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं.

८ सप्टेंबर
संध्याकाळी मासुंदा तलावावर विसर्जन बघून रात्री वही घेतली. ६८ जिवंत. काकांनी प्रत्येक खाण्याची वेळ लिहिली आहे, मिनिटांसकट.

२९ सप्टेंबर
'गोल्डन'बद्दल वाचलेलं इथे उतरवते, कारण या आठवड्यात मला दुसरं काही सुचत नाही.

जॉर्ज स्ट्रायसिंगर हे अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठातले. आधी विषाणूंच्या आनुवंशिकतेवर काम, मग पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात तेच काम करायला त्यांनी झेब्राफिश निवडला. १९८१ साली त्यांनी एकाच आईपासून हुबेहूब एकसारख्या जनुकांचे मासे वाढवून दाखवले. नराचा अंश उतरला की नाही हे ओळखायची खूण म्हणून त्यांना हा फिका रंग उपयोगी पडला. पुढे जर्मनीत ट्युबिंगनला क्रिस्टियान न्युस्लाइन-फोलहार्ड यांच्या गटाने आणि बॉस्टनच्या गटाने हजारो बिघडलेले भ्रूण तपासले. १९९६ च्या डिसेंबरात 'डेव्हलपमेंट' नियतकालिकाचा सबंध अंक त्याच निबंधांचा होता. कुणाला शेपूट नाही, कुणाला एकच डोळा, कुणाचं हृदय चुकीचं. प्रत्येक बिघाड म्हणजे एका जनुकाच्या कामाचा पत्ता. त्याच ट्युबिंगनच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले महेंद्र सोनवणे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) याच माशाच्या त्वचेवर संशोधन करतात. हार्बर लाइनच्या दुसऱ्या टोकाला! हे कळल्यापासून आमचं काम मला कमी एकाकी वाटतं.

आता फिक्या रंगाचं मूळ. २००५ साली कीथ चेंग यांच्या गटाने ते जनुक शोधलं, एसएलसी२४ए५. त्यातलं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं, सी च्या जागी ए. तेवढ्याने प्रथिनात २०८ व्या जागी टायरोसीन या अमिनो आम्लाऐवजी 'थांबा' अशी खूण आली आणि प्रथिन अर्धवट राहिलं. रंगपेशी असतात, पण त्यांतले मेलॅनिनचे कण कमी, लहान आणि विरळ. मग त्यांनी माणसातल्या याच जनुकाचा एमआरएनए, म्हणजे त्याच्या सूचनेची नक्कल, फिक्या भ्रूणांत टोचला आणि भ्रूणांना रंग आला. माणसाची सूचना माशाने वाचली आणि पाळली. आपले आणि त्यांचे पूर्वज वेगळे झाल्याला चाळीस कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी.

माणसात या जनुकात एक लहान फरक आढळतो. १११ व्या जागी ॲलनीन की थ्रिओनीन, एवढाच. युरोपीय वंशाच्या जवळजवळ सगळ्यांत थ्रिओनीन; आफ्रिकेत आणि पूर्व आशियात बहुतेकांत ॲलनीन. युरोपीय आणि आफ्रिकी वंशांच्या त्वचेतल्या रंगाच्या फरकापैकी २५ ते ३८ टक्के या एका जागेवर येतो, असा त्या निबंधाचा अंदाज. भारतात दोन्ही रूपं सापडतात, कधी कधी एकाच घरात.

माझ्या मोठ्या बहिणीसाठी स्थळं बघताना 'रंग कसा आहे?' हा प्रश्न फोनवर आधी येतो, शिक्षण नंतर. ती काही बोलत नाही, आतल्या खोलीत जाते. काल तिला हा निबंध वाचून दाखवला. एका प्रथिनातलं एक अमिनो आम्ल. ती बराच वेळ चित्रातले दोन मासे बघत राहिली, मग म्हणाली, "मला दाखवशील? खरे?" पुढच्या शनिवारी आणते तिला.

५ ऑक्टोबर
ताई आली. तीन तास थांबली.

२० नोव्हेंबर
पहिली पिढी तीन महिन्यांची. ५२ मासे, सगळे पट्टेरी. दिवाळीत दोन दिवस दुपारचं खाणं चुकलं, तरी हानी नाही. माद्यांची पोटं अजून भरलेली नाहीत. परीक्षा डिसेंबरात, म्हणून दुसऱ्या पिढीचा संकर जानेवारीत.

२४ जानेवारी २०२५
पहिल्या पिढीतली दोन भावंडं जोडली. ९.३० ला अंडी. न फळलेली बाजूला काढून १८९ उरली. तीन काचपात्रांत वाटली: क मध्ये ६१, ख आणि ग मध्ये प्रत्येकी ६४.

इन्क्युबेटर सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी ३७ अंशांवर लावला आहे, त्यांच्याही प्लेट्स अडल्या आहेत. म्हणून थर्मोकोलच्या खोक्यात पाणी, टाकीचा हीटर, वर जाळी आणि जाळीवर पात्रं. हीटरचा आकडा २८.

२५ जानेवारी
संध्याकाळी ७.३०, ३४ तास. मोजणी ४८ तासांना ठरली होती, पण उद्या रविवार, म्हणून आजच उरकली. अपेक्षा तीनास एक, तीन पट्टेरींमागे एक फिका, म्हणजे १८९ मध्ये फिके साधारण ४७.

फिके निघाले ११५.

पुन्हा मोजले. ११५. काय-वर्ग, म्हणजे अपेक्षा आणि मोजणी यांतल्या तफावतीचं माप, १२९.५, चालतो तो ३.८४ पर्यंत. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली होती, ठाणं आलं तरी मी उठले नाही.

२६ जानेवारी
दिवसभर कारणं लिहून काढली. एकाऐवजी दोन जनुकं? जोडी चुकीची? एखादा फिका मासा पहिल्या पिढीच्या टाकीत मिसळला? शेवटचं शक्य नाही, प्रत्येक मासा मी रोज पाहिला आहे. दोन जनुकांचं गणितही बसत नाही. झेंडावंदनाला कॉलेज सकाळी उघडं होतं, तेव्हाच ४८ तास पुरे होत होते. जायला हवं होतं. ठरवलेली वेळ मी सोयीसाठी बदलली, ही चूक माझी.

२७ जानेवारी
सकाळी ९.३०, ७२ तास. झाकण काढलं. ग मधले बहुतेक भ्रूण काळे झाले आहेत! शनिवारी जे फिके लिहिले होते तेच. चार मेले. उरलेल्या १८५ पैकी फिके ४४.

मग शनिवारचे आकडे पात्रांप्रमाणे मांडले. ते वेगवेगळे लिहिले होते म्हणून वाचलो.
क: ६१ पैकी १६ फिके.
ख: ६४ पैकी ३९.
ग: ६४ पैकी ६०.
क हीटरच्या शेजारी होतं. ग दुसऱ्या टोकाला.

पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन खोक्यात तीन ठिकाणी बुडवला. हीटरपाशी २८.५, मध्ये २६, टोकाला २४.

२८ जानेवारी
किमेल यांच्याच निबंधात सूत्र आहे, मी आजवर त्या ओळीवरून पुढे जात होते. प्रत्यक्ष तासांना (०.०५५ × तापमान − ०.५७) ने गुणलं की २८.५ अंशांवरचं वय मिळतं. २८.५ ला गुणक जवळजवळ १. २६ ला ०.८६. २४ ला ०.७५. म्हणजे शनिवारी संध्याकाळी घड्याळ ३४ तास सांगत होतं तेव्हा क मधले भ्रूण खरोखर ३४ तासांचे होते, ख मधले सुमारे २९ चे आणि ग मधले साडेपंचवीसचे. डोळ्यांत रंग उतरायला सुरुवातच होते २४ तासांच्या सुमारास. ग मध्ये पट्टेरी होणारी पोरंही अजून फिकीच दिसत होती. त्यांना जनुक होतं, त्याची वेळ यायची होती. मी ती वेळ न देता त्यांना 'फिके' लिहिलं.

मॅडमना सगळं दाखवलं, चुकलेल्या मोजणीसकट. त्या म्हणाल्या, "४४ चा आकडा प्रबंधात घालू नकोस. तो मोजताना तुला उत्तर माहीत होतं." बरोबर आहे. संकर पुन्हा करायचा आणि मोजणी अशा माणसाने करायची ज्याला पात्र कुठलं ते ठाऊक नाही.

पाणी ढवळलं जात नव्हतं, हे मूळ. ऊन पाणी हीटरभोवतीच राहत होतं. काकांनी टाकीतला जुना एअरस्टोन खोक्यात सोडला. बुडबुडे सुरू झाल्यावर अर्ध्या तासात तिन्ही ठिकाणी २८.५, फरक फार तर अर्ध्याच्या आत. हीटरच्या चकतीवरचा आकडा यापुढे वाचायचा नाही.

५ फेब्रुवारी
दुसरी जोडी, तीच भावंडं नव्हेत. अंडी २३६, न फळलेली ३१ काढली. २०५. तापमान दर चार तासांनी लिहिलं. रात्रीचं लिहायला काका थांबले. रात्री अकराला एकदा वीज गेली, वीस मिनिटं. खोक्याला चादर गुंडाळली, अर्ध्या अंशाने उतरलं.

एका पात्रात, पडताळणीसाठी म्हणून, मूळ पट्टेरी आई-बापांचे ३० भ्रूणही ठेवले, ज्यांत फिका निघायला नको. खूण फक्त मॅडमकडे.

७ फेब्रुवारी
९.३०, ४८ तास. जोडीदाराने मोजलं, मी खोलीबाहेर. खिडकीतून पाम बीचकडचे फ्लेमिंगो जाताना दिसले, एक मोठा थवा, पण लक्ष लागलं नाही.

आठ मेले. १९७ मध्ये पट्टेरी १४४, फिके ५३. अपेक्षा १४७.७५ आणि ४९.२५. काय-वर्ग ०.३८. खुणेच्या पात्रातल्या ३० पैकी फिका एकही नाही.

फिक्या भ्रूणांकडे मग मी बराच वेळ पाहिलं. रंगपेशी जागच्या जागी आहेत, तशाच फांद्या पसरलेल्या, फक्त आत करडी पुसट धूळ. हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या आसपास, पट्टेरी भावंडांइतकेच. रक्तपेशी शेपटीच्या टोकापर्यंत जाऊन वळतात, हे फिक्यांत उलट जास्त स्पष्ट दिसतं. ताईला फोन करून सांगितलं.

१३ फेब्रुवारी
तीनास एक एवढंच सांगतं की फिकेपणा एका अप्रभावी जनुकाचा आहे. ते जनुक एसएलसी२४ए५ आहे का, हे त्यातून कळत नाही. २ जुलैची नोंद उघडी ठेवून आजचं काम केलं. तीन फिके आणि तीन पट्टेरी मासे ट्रायकेन या भुलीच्या औषधाच्या पाण्यात गुंगवले, शेपटीच्या पराचा टोकाचा तुकडा कापला, अल्कोहोलमध्ये ठेवला. मिनिटभरात मासे ताज्या पाण्यात सावरले. २०८ व्या जागेच्या दोन्ही बाजूंचा भाग वाढवून अक्षरं वाचायला पाठवायचा. तिथली तीन अक्षरं टीएसी असतील तर टायरोसीन, टीएए असतील तर 'थांबा'. सहा नळ्यांवर क्रमांक घातले, रंग लिहिला नाही.

२१ फेब्रुवारी
नमुने गेले. कापलेल्या परांच्या कडेला पारदर्शक नवा भाग आला आहे, सहाही माशांना. कुठल्या नळ्या फिक्यांच्या ते आता वही बंद असतानाही मला ओळखता येतं, म्हणून वाचनाचे निकाल आले की आधी जोडीदार उघडेल.